नाव काढलं

आमच्या शालेय वाचनमालेत कुणी कुणाचं चुंबन घेत नसे. नायक नायिकेजवळ जाई, सुरूच्या बनात वारा असे, चांदणं असे, आणि मग 'त्याने तिचं म्हणणं ऐकलं.' मूळ कादंबरीत जिथं जिथं 'चुंबन घेतलं' असे, तिथं तिथं आमच्या छापखान्यातले सर 'म्हणणं ऐकलं' घालत. सहा अक्षरं जायची, सहा अक्षरं यायची, ओळ जागची हलायची नाही आणि वाक्यही व्याकरणाला धरून राहायचं. ही पुस्तकं वाचून मोठ्या झालेल्या मुलींच्या लग्नाकडून काय काय अपेक्षा झाल्या असतील, ह्याचा मी पुष्कळदा विचार करते. माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आमच्या घरात मूळ प्रत चालू होती, सरांची आवृत्ती अजून यायची होती.

मी तेव्हा पापडी गावातल्या एका छोट्या छापखान्यात टायपिंगला होते. खाली लग्नपत्रिका, चर्चची मासिक पत्रकं, शाळांच्या डायऱ्या असं काम चाले. माडीवर मालकांनी प्रकाशन काढलं होतं. गाजलेल्या कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं घ्यायची, लेखकाची परवानगी काढायची, मुलांनी वाचू नये असं जे असेल ते उडवायचं आणि शाळांना विकायचं. हे उडवायचं काम सरांचं. उमेदवारीची काही वर्षं त्यांनी मास्तरकी केली होती, मग मुंबईच्या छापखान्यांत तीसेक वर्षं मुद्रितं तपासली, आणि निवृत्तीनंतर नंदाखालच्या आपल्या वाडीत केळी-नारळ बघत बसण्याऐवजी रोज बसनं आमच्याकडे यायचे. शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल, आणि पिशवीत कधी वेलची केळी तर कधी शहाळं. सरांनी केळं दिलं की समजायचं, आपल्या टायपिंगमध्ये मोठी चूक सापडली आहे. आधी केळं खायला लावायचे, मग पान दाखवायचे.

अक्षराला अक्षर हा त्यांचा नियम शिशाचे खिळे जुळवून छापण्याच्या काळातला होता. त्या काळी एक शब्द काढला की पुढची सगळी ओळ सरकायची, ओळ सरकली की पान सरकायचं, आणि जुळारी सात पिढ्यांचा उद्धार करायचा. म्हणून काढायचा तेवढ्याच मापाचा शब्द घालायचा, ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. मी त्यांना सांगून थकले की सर, आता संगणक आपोआप ओळ जुळवतो. ते म्हणायचे, संगणक जुळवतो, वाचणाऱ्याचं काय? त्यांचं म्हणणं होतं की लेखकानं एका वाक्याला जेवढा श्वास दिला आहे तेवढा त्याच्याकडून काढून घ्यायचा आपल्याला हक्क नाही. शिवी काढा, पण शिवी देणाऱ्याचा राग पुस्तकात राहिला पाहिजे.

फुल्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. शिवीच्या जागी फुल्या मारणं हा भेकडांचा धंदा आहे, असं ते सगळ्यांना ऐकवत. फुली बघितली की पोरगं थांबतं, विचार करतं आणि मूळ शिवीपेक्षा वाईट शिवी त्यात बसवतं, मग तुम्ही केलंत काय? मी फुल्यांच्या जागी मनातल्या मनात काय काय बसवत आले होते ते आठवलं आणि मान डोलावली.

एकदा मी फार शहाणपणा केला. एका जाडजूड कादंबरीत ती सहा अक्षरं वारंवार येत होती, म्हणून सरांची वाट न बघता संगणकालाच हुकूम दिला की सगळीकडे एकदम बदलून टाक. त्यानं इमानदारीनं बदललं. सरांनी तपासायला घेतलं तेव्हा पहिल्याच प्रकरणात आईनं बाळाच्या गालाचं म्हणणं ऐकलं होतं, आणि शेवटच्या प्रकरणात नायकानं सैन्यात जाताना गावच्या मातीचं म्हणणं ऐकलं होतं. त्या दिवशी मला दोन केळी मिळाली. सर रागावले नाहीत, पण सगळं पुस्तक मला पानपान हातानं तपासायला लावलं. मातीचं मात्र त्यांनी तसंच ठेवलं. म्हणाले, हे मूळच्यापेक्षा बरं आहे, लेखकाला आवडेल. लेखकाला खरंच आवडलं, त्यानं तसं कळवलं.

पण सरांचं खरं वैभव शिव्यांत. रागाचा शब्द ज्या अक्षरानं सुरू होतो त्याच अक्षरानं बदलीचा शब्द सुरू व्हायला हवा, हा आणखी एक नियम त्यांनी स्वतःवर लादून घेतला होता. एका ग्रामीण कादंबरीतला सावकार येता-जाता प्रत्येकाला एक तीन अक्षरी शिवी देतो. 'रां'नं सुरू होते, मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळलीच असेल. सर चार दिवस तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसले आणि पाचव्या दिवशी मोठ्या समाधानानं त्यांनी लिहिलं, 'रांगोळ्या'. सावकार दारात उभा राहून गरजतो, 'अरे रांगोळ्या, बाहेर ये.' वाचून बघा. तोंडाला तेवढाच जोर लागतो.

तो इतका लागतो की पोरांनी तो उचलला. नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत ज्या ज्या शाळांत ते पुस्तक गेलं, तिथं मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना रांगोळ्या म्हणायला लागली. दिवाळीच्या आधी एका शाळेत बाई माइकवरून म्हणाल्या, उद्या सर्व पालकांनी आमच्या मुलींच्या रांगोळ्या बघायला यावं, आणि सगळं सभागृह हसत सुटलं. आठवडाभरात शाळेचं पत्र आलं की आपल्या पुस्तकातला 'रांगोळ्या' हा अश्लील शब्द त्वरित वगळण्यात यावा. मालकांनी पत्र सरांपुढे टाकलं. सरांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि मी त्यांना पहिल्यांदाच पोट धरून हसताना पाहिलं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी तो काढला. बदली काय घातला ते सांगत नाही, तो अजून चालू आहे.

हे सगळं वाचून सर सोवळे होते असं कुणाला वाटेल, तर ते चूक आहे. त्यांचा एक नेम होता: शब्द काढायचा, गुन्हा काढायचा नाही. एका आत्मचरित्रात बाप दारू पिऊन आईला मारतो. मालकांचं म्हणणं, सर, टेन्शन कशाला, दारूचं ताक करून टाका ना, दोनच तर अक्षरं आहेत. सरांनी साफ नकार दिला. ताक पिऊन कुणी बायकोला मारत नाही, म्हणाले, आणि ज्या पोराच्या घरी हे रोज चालतं ते पोर आपल्याला खोटारडे समजेल आणि पुन्हा पुस्तक हातात घेणार नाही. दारू राहिली आणि मारही राहिला. बाप मारताना जे बोलला तेवढं बदललं. माझा सरांवर जीव जडला तो ह्या गोष्टीमुळे, केळ्यांमुळे नव्हे.

आणखी एक गोष्ट मी फार दिवस बघत होते. कागदावर एक अनुस्वार चुकला तर न सोडणारा हा माणूस बोलण्यात कुणाची चूक कधी काढत नसे. चहावाला 'पानी देऊ का' म्हणायचा, मी आमच्या साताऱ्याकडचं काहीबाही बोलायची, मालक तर अर्धं हिंदी बोलायचे. सर शांतपणे ऐकून घ्यायचे. मला वाटायचं, मोठं मन आहे.

मग एक दिवस मालकांनी एक हस्तलिखित वर आणलं. लिहिणाऱ्या बाई पाचूबंदरच्या कोळ्यांच्या, मुंबईच्या एका इस्पितळात उभी हयात नर्स होत्या, आता निवृत्त. पाऊणशे पानांत त्यांनी आपल्या आईवर लिहिलं होतं. आई रोज पहाटे टोपली घेऊन बाजारात जायची आणि त्या टोपलीवर चार पोरं वाढली, एवढीच गोष्ट, पण मी टाइप करताना दोनदा उठून तोंड धुऊन आले. मालकांना ते थेट वाचनमालेत घ्यायचं होतं. शाळांच्या निवड समितीनं आधीच वाचलं होतं आणि एक पान सोडून सगळं पसंत केलं होतं.

ते पान शाळेचं होतं. लेखिका चौथीत आहे. मास्तर तिला उभी करून धडा वाचायला लावतात आणि ती 'पाणी'चं 'पानी' वाचते. मास्तर नवे आहेत, तरुण आहेत, त्यांना शुद्ध भाषेचं वेड आहे. ते म्हणतात, 'ही नासकी मासळी वर्गात कुणी आणून ठेवली?' वर्ग हसतो. मग ते तिला नळावर पाठवतात, चूळ भर आणि तोंडातून ण निघाला की परत ये. ती चूळ भरते, येते, पानी म्हणते, पुन्हा जाते. शाळा सुटेपर्यंत ती नळ आणि वर्ग ह्यांच्यामध्ये ये-जा करते. दुसऱ्या दिवशी तिची आई बाजारात जाता जाता टोपली घेऊन वर्गाच्या दारात येते. भांडत नाही. टोपलीतून एक सुरमई काढते आणि तिच्या गालावरचा कल्ला उचलून दाखवते. 'मास्तर, मासली ताजी का नासकी ते तोंडावरशी नाय कलत. कल्ला उचलून बगाला लागते. ही बगा, लाल हाय. माजी पोर पन तशीच हाय.' एवढं बोलून ती बाजाराला जाते. मास्तर फळ्याकडे वळतात. पुढं एक ओळ आहे की त्यानंतर शाळा संपेपर्यंत मुलं मला नासकी म्हणत, आणि मी आजपर्यंत चार माणसांत मोठ्यानं काही वाचलेलं नाही.

समितीचं म्हणणं असं की 'नासकी मासळी' ह्या शब्दांनी एका समाजाच्या भावना दुखावतील आणि अशा मास्तरामुळे शिक्षकांची प्रतिमा मलिन होईल. त्यांनी सूचनाही केली होती, की 'मास्तरांनी प्रेमळ शब्दांत समजावलं' असं करावं. मी मालकांना विचारलं, मग आई दुसऱ्या दिवशी सुरमई घेऊन शाळेत कशाला येते? मालक म्हणाले, आभार मानायला.

मी सरांपुढे पान ठेवलं आणि मजा बघायला थांबले. आता हे समितीला कसं झोडपतात ते ऐकायचं होतं. सरांनी वाचलं. पेन्सिल हातात होती, ती कुठंच टेकवली नाही. पुन्हा वाचलं. चहा आला, निवला. दुपारी ते उठले आणि नेहमीच्या दोन तास आधी बसला गेले.

पुढचे दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा पिशवी नव्हती. माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हा मास्तर मी आहे."

मला राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला. ज्या माणसाला मी सहा वर्षं सज्जन म्हणून मनात धरलं होतं, त्यानं एका नऊ वर्षांच्या पोरीला दुपारभर नळावर पिटाळलं होतं. त्यांनी बाकीचंही सांगून टाकलं. त्या दिवशी वर्ग हसला तेव्हा आपणही हसलो होतो. दुसऱ्या दिवशी सुरमईचा कल्ला बघितल्यावर पुढं कधी कुणाच्या उच्चाराची चूक काढली नाही, पण त्या पोरीला 'बस, नीट वाचलंस' एवढंही कधी म्हटलं नाही. पोरं तिला नासकी म्हणायची ते आपल्या कानावर येत होतं. माफी मागायला जावं असं पुष्कळदा मनात आलं. नंदाखालहून पाचूबंदर काही काशी नव्हे, रोज पापडीपर्यंत येतच होतो, पण गेलो नाही.

राग तसाच होता आणि समोर एक शहात्तर वर्षांचा माणूस उभा होता. मी म्हटलं, सर, कुणालाच माहीत नाही. पुस्तकात नुसतं 'आमचे मास्तर' आहे. समितीच काढा म्हणतेय, मालक काढा म्हणतायत, तुमचं कामच हे आहे. काढा आणि मोकळे व्हा. हे बोलताना माझी मलाच लाज वाटत होती, पण मी बोलले.

सर म्हणाले, "सगळे काढा म्हणतायत, म्हणूनच काढता येत नाही."

आणि त्यांनी पान पुढं ओढलं. 'नासकी मासळी'ला हात लावला नाही. 'आमचे मास्तर' ह्या दोन शब्दांवर सरळ रेघ मारली आणि समासात स्वतःचं नाव लिहिलं. तीन अक्षरी नाव, तीन अक्षरी आडनाव. माझ्याकडे पान देत म्हणाले, मोजून घ्या, बसतं बरोबर. मी मोजलं नाही. मी तसंच टाइप केलं.

मालकांनी प्रिंट बघितली आणि कपाळाला हात लावला. अहो सर, वेडेबिडे झालात काय, एवढी शाळांची ऑर्डर आहे, आणि उद्या हे पान कुणी ग्रुपवर टाकलं तर तुमच्या वाडीवर लोक येतील बघायला. सर म्हणाले, येऊ देत. मालकांना सरांची काळजी होती, ऑर्डरचीही होती, दोन्ही खऱ्या होत्या. शेवटी ते म्हणाले की पुस्तक बाईंचं आहे, त्यांनाच विचारू, आणि त्यांनी फोन करून बाईंना बोलावून घेतलं.

समितीनं पुस्तक घेतलं नाही, हे इथंच सांगून टाकते. मालकांनी थोड्याच प्रती छापल्या, त्या हळूहळू संपल्या. सर जाऊनही आता तीन वर्षं झाली. त्यामुळे ऑर्डरचं काय झालं ह्याची कुणी काळजी करू नये. त्या दुपारी माडीवर वेगळीच गोष्ट ठरायची होती, त्या माणसाचं नाव त्या पानावर राहणार की नाही.

बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, इस्त्रीची सुती साडी, छातीशी पर्स. सर उभे राहिले. बाईंनी त्यांना नमस्कार केला नाही आणि तोंडही फिरवलं नाही. खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला, पान मनातल्या मनात वाचलं. नावापाशी आल्या तेव्हा त्यांचं बोट तिथं थांबलं. मग त्यांनी चष्म्यावरून सरांकडे बघितलं.

सर बोलायला लागले. मी त्यांना एवढं अडखळताना कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले की शब्द माझे होते, तर नावही माझंच हवं, पन्नास वर्षं लपून राहिलो, आता लपत नाही. माफी मागतो. त्यांनी हात जोडले.

बाई म्हणाल्या, "मला म्हाईत होतं तुम्ही इथं बसता. पहिल्या दिवशी मी वही द्यायला आले, तवा आतल्या खोलीत तुम्ही दिसलात. मी वही परत घरी नेली. तिच्यात तुमचं नाव होतं. ते खोडलं आनि मग आनून दिली."

मी कपाटातून मूळ वही काढली. ते पान उघडलं. 'आमचे मास्तर'च्या आधी निळ्या शाईनं एवढं गच्च खोडलं होतं की कागद फाटायच्या बेतात आला होता. टाइप करताना माझ्या ते डोळ्यांपुढून गेलं होतं, पण खाडाखोड कुठल्या वहीत नसते?

सरांनी विचारलं, का खोडलंत?

"दया म्हनून नाय," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव आलं का वाचनारी पोरं तुमच्याकडं बगतील. केवढा मोठा मानूस, स्वताहून कबूल केलं. सगलं पान तुमचं होईल. आनि माजी आय टोपली घेऊन दारातच उभी राहील. हे पान तिचं हाय."

मालकांचा फोन वाजला, तो त्यांनी न बघता बंद केला. सर खाली बसले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, तरी बघितलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतून काय काढायचं ते ठरवणारा माणूस, आणि त्याच्या पुढ्यात त्याच्यापेक्षा चांगली नजर असलेली बाई बसली होती. हे त्यांना कळलं. चेहऱ्यावरून दिसत होतं की कळलं, आणि मला त्या क्षणी ते पुन्हा आवडले.

"मग तो शब्द?" त्यांनी विचारलं.

"शब्द ऱ्हाऊं द्या. तो नसला तर आय कशाला आली ते कसं कलेल? नाव काढा."

"आणि तिथं काय घालू?"

"आमचे मास्तर," बाई म्हणाल्या. "तुम्ही आमचेच होता ना."

सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या नावावर रेघ मारली. रेघ सरळ आली. म्हणून मीही इथं त्यांचं नाव घातलेलं नाही. जे बाईंनी काढलं ते मी परत घालणार नाही.

मी पान दुरुस्त करून नवी प्रिंट काढली. आमच्याकडे छापायला जाण्याआधी एक शेवटचं काम असे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापलेल्या ओळीवर पेन्सिल फिरवत तपासायचं. वाचायचं काम माझं आणि पेन्सिल सरांची. मी वही उचलली, तर बाईंनी हात पुढं केला. म्हणाल्या, द्या, मी वाचते.

मला एकदम ती ओळ आठवली, चार माणसांत मोठ्यानं न वाचल्याची. आम्ही बरोबर चार होतो, त्यांना धरून. मी वही दिली.

त्या वाचायला लागल्या. सुरुवातीला बोट ठेवून एकेक शब्द, मग सलग. लिहिलं होतं शुद्ध, पण वाचत होत्या आपल्या तोंडानं, पाचूबंदरच्या. वहीत 'पाणी' होतं, त्यांनी 'पानी' वाचलं. सरांची पेन्सिल कागदावर ओळीखालून सरकत होती आणि त्या शब्दाखालूनही ती तशीच सरकत पुढं गेली. नळ आला, चूळ आली, हसणारा वर्ग आला. 'नासकी मासळी' त्यांनी न थांबता वाचलं. मग आई आली, सुरमई आली, आणि बाईंचा आवाज आईचा झाला.

पान संपलं. तपासायचं तेवढंच होतं. सरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "बरोबर आहे. नीट वाचलंत."

बाईंनी मान हलवली, पण वही मिटली नाही. पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं.